छोट्या रुळांचे प्रश्न: एडवर्डच्या काळातली गाडी ठाण्याच्या हॉलमध्ये

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की फ्लॅट लहान असेल तर मॉडेल रेल्वेसाठी एडवर्डचा काळ घ्या, त्यातल्या गाड्या घरात मावतात, आणि मग प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. नौपाडा, कळवा, ऐरोली, नेरूळ, थेट पनवेलपर्यंत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच, सातवा एडवर्ड 1901 ते 1910 इंग्लंडच्या गादीवर होता, त्याच्या नावाने तो काळ ओळखतात आणि हौशी लोक तो पहिलं महायुद्ध लागेपर्यंत, म्हणजे 1914 पर्यंत ताणतात. तिकडे तेव्हा शंभराच्या वर रेल्वे कंपन्या होत्या, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि तोरा वेगळा. आपल्याकडे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. चला.

प्रश्न (नौपाडा): काका, आमचा वन बीएचके आहे. हॉलमध्ये शोकेसच्या वर पाच फूट बाय सव्वा फूट एवढीच जागा मिळेल असं घरून स्पष्ट सांगण्यात आलंय. मला 1905 च्या आसपासची इंग्लंडमधली छोटी लाईन करायचीय. पण एवढ्यात गोल फिरणारी गाडी होणारच नाही ना, मग मजा काय?

उत्तर: होणार नाही, आणि नाही झाली तेच बरं. ओओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलचे 4 मिलिमीटर, सेटमधला सगळ्यात टाईट कर्व्ह 371 मिलिमीटर त्रिज्येचा असतो, म्हणजे गाडीला नुसतं वळून परत यायलाच अडीच फूट रुंदी लागणार, ती तुमच्याकडे नाही, विषय संपला. आणि खरं सांगू का, गोल गोल फिरणारी गाडी लहान पोरंसुद्धा दहा मिनिटांत सोडून देतात.

तुम्ही शंटिंग यार्ड करा. इंग्लनूक नावाचा एक जुना प्लॅन आहे, अॅलन राईट नावाच्या एका इंग्रज हौशी माणसाचा. दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, तीन सायडिंग, म्हणजे पुढे बंद असलेले बाजूचे रूळ, लांब सायडिंगमध्ये पाच वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मावतात आणि बाकीच्या दोन्हीत तीन तीन. वाघिणी एकूण आठच ठेवायच्या. मग चिठ्ठ्या टाकून पाच नंबर काढायचे आणि त्या पाच वाघिणी बरोब्बर त्याच क्रमाने लावून गाडी तयार करायची, इंजिन मागे पुढे करत, एक सोडत दोन उचलत. ऐकायला सोपं वाटतं. आठातून पाच आणि तेही क्रमाने म्हणजे 6720 वेगवेगळ्या गाड्या होतात, रोज रात्री जेवणानंतर एक लावली तरी अठरा वर्षं पुरेल.

आता एडवर्डचा काळ इथे का कामाला येतो ते बघा. तेव्हाची कोळशाची वाघीण चार चाकांची, दहा टनी, साधारण 16 फूट लांब, म्हणजे ओओमध्ये 64 मिलिमीटर, बफर आणि कपलिंग धरून 75 पकडा. पाच वाघिणींचे झाले 375. छोटं टँक इंजिन आणि तीन वाघिणी यांनाही साधारण तेवढीच जागा. मधे दोन सांधे. साडेचार फुटांत आरामात बसतं, उरलेल्या अर्ध्या फुटात मागच्या भिंतीला चिकटवून एखादं गोदाम उभं करा. हेच आत्ताचे लांबलचक बोगीवाले वॅगन घेऊन करायला जाल तर तुमची शोकेस शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये निघेल.

कंपनी एकच धरा. सगळ्या आवडतात म्हणून सगळ्यांची एक एक गाडी घेतली की त्याचं दुकान होतं, रेल्वे होत नाही. तयार मॉडेलमध्ये सोपी म्हणजे लंडनच्या खाली केंटमध्ये चालणारी साऊथ ईस्टर्न अँड चॅथम. तिचं एच क्लास टँक इंजिन 1904 चं, वेनराईट साहेबाने आखलेलं, ते हॉर्नबीने काढलंय. सी क्लास मालगाडीचं इंजिन 1900 चं, ते बाकमनने काढलंय. दोन्ही हिरव्या रंगात मिळतात आणि हिरवा म्हणजे साधासुधा हिरवा नाही, त्यावर नाजूक रेघा रेघा आणि वर चकचकीत पितळी घुमट. यार्डाला एच पुरे.

सालही एकच धरा, आणि इथे लोक हमखास गडबड करतात. चौदा वर्षांचा काळ आहे म्हणून चौदाही वर्षांचं सामान एकत्र चालत नाही. ग्रेट वेस्टर्नचे डबे 1908 पर्यंत चॉकलेटी आणि क्रीम, त्यानंतर सगळे एकरंगी तपकिरी. ब्रायटनवाल्या कंपनीची इंजिनं 1905 पर्यंत पिवळसर, मग साहेब बदलला आणि गडद तपकिरी रंग आला. तुमचं 1905 ठरलंय ना, मग 1905. एक गंमत त्यात फुकट मिळते, त्या काळी बऱ्याच खासगी वाघिणींना स्प्रिंगचे बफर नव्हते, नुसते लाकडाचे ठोकळे पुढे आलेले असायचे, मेन लाईनवर त्यांना 1914 पासून बंदी आली. तर तुमच्या आठातल्या दोन तीन ठोकळेवाल्या असू द्या. आणि बाजूला कोळसा व्यापाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात.

पैशाचं म्हणाल तर आधी कस्टमचा हिशोब करा मग ऑर्डर. खेळण्यांवरची ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 केली आणि 2023 मध्ये 70, आणि कस्टमवाल्याला तुमचं वेनराईट साहेबाचं इंजिन खेळणंच वाटतं. अमेरिकेतून कोणी भाचा पुतण्या सेट आणत असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर तिथेच ठेवायला सांगा, तो 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 ला लावलात की धूर. रुळांना शेवटी 12 व्होल्ट डीसीच लागतो, तो कंट्रोलर लॅमिंग्टन रोडला साहित्य घेऊन बनवून देणारे आहेत.

प्रश्न (खारघर): मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. माझे खापरपणजोबा जीआयपी रेल्वेत होते म्हणून मला 1908 चं ठाणे स्टेशन करायचंय. ओओचे रूळ घेतले तर मैत्रीण म्हणते की आपल्या रेल्वेसाठी ते चुकीचे दिसतात. खरंय का? आणि स्टेशनचा त्या वेळचा लूक कसा आणायचा?

उत्तर: मैत्रीण हुशार आहे, तिला पार्टनर करून घे. आपली ब्रॉडगेज 5 फूट 6 इंच. फुटाला 4 मिलिमीटर धरले तर रुळांमधलं अंतर 22 मिलिमीटर हवं, आणि ओओचा रूळ येतो साडेसोळाचा. तो तर इंग्लंडच्या गेजलासुद्धा अरुंद पडतो, आपल्याला तर पार मीटरगेजसारखा दिसणार.

पण आता मजा बघ. स्केल थोडं लहान घे, फुटाला 3 मिलिमीटर. साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा. बरोब्बर! बाजारात सगळ्यात सहज मिळणारा रूळ आपल्या ब्रॉडगेजला मिलिमीटरचा फरक न पडता बसतो. हे स्केल येतं 1:101.6, आणि तू आर्किटेक्चरला आहेस म्हणजे पुढचं मी सांगायला नको, 1:100 ची माणसं, झाडं, दिव्याचे खांब तुमच्या कॉलेजच्या बाहेरच्या दुकानात पाकिटाने मिळतात. हौशी लोक बाहेरून मागवतात ते तुला चालत जाऊन मिळणार. इंजिन आणि डबे मात्र तयार मिळणार नाहीत, ते थ्रीडी प्रिंट नाहीतर लेझर कटिंग करून करावे लागतील, खाली एचओची, म्हणजे 1:87 स्केलची, तयार यंत्रणा घालून. 60 फुटांचा डबा 180 मिलिमीटर होतो, चार डबे आणि इंजिन म्हणजे मीटरच्या आत गाडी.

इंजिन कुठलं करू असं विचारशील म्हणून सांगतो. 1903 पासून हिंदुस्थानातल्या ब्रॉडगेजसाठी स्टँडर्ड डिझाईन ठरायला लागली, मालगाडीला सहा चाकांचं 0-6-0 आणि पॅसेंजरला 4-4-0, आणि ती ग्लासगो, मँचेस्टर, लीड्सच्या कारखान्यांतून बनून बोटीने यायची. यातलं एक 0-6-0 कर, सहा चाकं एका फ्रेममध्ये, कमी कटकट.

लूकचं म्हणशील तर माझा एकच हट्ट आहे. काळ उभा करताना काय ठेवायचं याच्या आधी काय काढायचं त्याची यादी कर. ठाण्याचा माणूस डोळे मिटून स्टेशन आठवायला लागला की त्याला आजचंच दिसतं, आणि ते सगळं मग बेसबोर्डवर उतरतं.

पहिली गोष्ट, डोक्यावरच्या तारा आणि खांब काढ. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला धावली, तीही व्हीटी ते कुर्ला हार्बरवर, त्यामुळे 1908 च्या ठाण्यावर आकाश मोकळं. हे एकच केलंस तरी बघणारा म्हणतो अरे काहीतरी वेगळं आहे. दुसरं, पारसिकचा मोठा बोगदा नको, तो 1916 चा. तुझ्या काळात कल्याणकडची गाडी 1854 च्या जुन्या लाईनने, डोंगराला खाडीच्या बाजूने वळसा घालत मुंब्र्याकडे जायची. आणि खाडीपलीकडे तुझ्या नवी मुंबईच्या बाजूला रूळच नाहीत, वाशीला हार्बर पोचली 1992 ला आणि ठाणे वाशी लोकल तर 2004 ची. बॅकड्रॉपला खारफुटी, मिठागरं आणि शिडाची गलबतं, बस. मुंबईचा एखादा कोपरा दाखवायचा मोह झाला तर गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नाही आणि मोटारबसही नाही, ती 1926 ची. विजेची ट्राम चालेल, ती 1907 ला आली.

तिसरी गोष्ट सगळे विसरतात, टोप्या. प्लॅटफॉर्मवर धोतर आणि पांढरी गांधी टोपी घातलेली माणसं उभी केली की झालं, सगळ्या मेहनतीवर पाणी. ती टोपी 1920 च्या आसपासची. 1908 मध्ये पगड्या, पागोटी, फेटे, पारशी फेटा, गोल टोप्या, साहेबाची सोला हॅट. उघड्या डोक्याचा माणूस जवळपास नकोच. बायका नऊवारीत. 1:100 च्या पाकिटातली माणसं जीन्स घातल्यासारखी गुळगुळीत असतात, त्यांच्या डोक्यावर ओल्या टिश्यू पेपरची बारीक दोरी वळून फेव्हिकॉलने गुंडाळ, सुकली की रंग दे, छान पागोटं होतं. नऊवारीलाही तोच टिश्यू.

घड्याळ लावणार असशील तर त्याचीही एक गोष्ट आहे. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून आली पण मुंबईने ती मनावर घेतली नाही, मुंबईची स्वतःची वेळ 39 मिनिटं मागे, आणि शहरात ती कितीतरी वर्षं चालू राहिली. म्हणजे रेल्वेच्या घड्याळात साडेदहा तेव्हा शहरातल्या घड्याळात नऊ एक्कावन्न. स्टेशनवर एक आणि बाहेरच्या एखाद्या दुकानात दुसरी वेळ दाखव, कोणी विचारलं की सांगायला विषय.

रूळही जवळून बघण्यासारखे आहेत. तेव्हा भारतात लाकडी स्लीपरच्या जोडीला बिडाचे पॉट स्लीपर सर्रास असायचे, प्रत्येक रुळाखाली उपडी घातलेली बिडाची वाटी आणि दोन वाट्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. खडीत बुडालेल्या, वरून फक्त गोलसर पाठ दिसते. पीकोच्या तयार रुळाच्या प्लास्टिक स्लीपर खडीने पूर्ण झाकून टाक, आणि ऑफिसात कागदाला भोकं पाडायचा पंच असतो ना, त्याने जाड पुठ्ठ्याच्या टिकल्या पाडून रुळाला खेटून दोन्ही बाजूंनी चिकटव, गंजाचा तपकिरी रंग दे. फुटभर अंतरावरून अगदी पॉट स्लीपर.

आणि शेवटचं, हुबेहूब ठाणेच करायचं ठरवू नकोस. प्रत्येक खिडकीचा पुरावा शोधत बसशील आणि चौथं वर्ष संपेल. इंग्लंडमधले लोक करतात तसं कर, ठाणे आणि कल्याणच्या मधे एक काल्पनिक स्टेशन घाल. गाव स्टेशनपासून लांब असलं की नावापुढे रोड लागायचं, तसं काहीतरी रोड नाव दे. काळा दगड, मंगलोरी कौलं, ओतीव लोखंडाचे खांब, मालधक्क्यावर बैलगाड्या. खापरपणजोबांना तिथला स्टेशनमास्तर कर, कोण विचारणार आहे?

प्रश्न (ऐरोली, इयत्ता सातवी): काका माझ्याकडे वंदे भारतचं मॉडेल आहे. ते एडवर्डच्या लेआउटवर चालवलं तर चालेल का?

उत्तर: रुळाचं गेज जुळत असेल तर पळेल, मस्त पळेल. पाहुणे आले की जुनं इंजिन, पाहुणे गेले की वंदे भारत. फक्त ती लांब आहे, छोट्या कर्व्हवर पोट प्लॅटफॉर्मला घासतं का ते आधी हाताने ढकलून बघ.

प्रश्न (नेरूळ, निवृत्त): मला एका जुन्या इंजिनाचा कारखान्यातला फोटो मिळालाय. त्यात इंजिन करड्या रंगाचं, त्यावर पांढऱ्या रेघा, अगदी सुंदर दिसतंय. मी मॉडेल तसंच करडं रंगवायला घेतलं तर नातू म्हणतो आजोबा खरं इंजिन असं नव्हतं. तो कशावरून म्हणतो?

उत्तर: नातवाला पेढा द्या. तो करडा रंग फक्त फोटोपुरता असायचा. कारखान्यातून इंजिन बाहेर पडायच्या आधी त्याला मॅट करडा रंग मारायचे, कधी कधी एकाच बाजूला, म्हणजे चमक येत नाही आणि प्रत्येक रिव्हेट फोटोत स्वच्छ दिसतो. फोटो काढून झाला की मग खरा रंग. आत्ताच्या भाषेत सांगायचं तर तो प्रॉडक्ट शूट.

पण साहेब, स्टेशनवरचे बाकीचे फोटो तरी कुठे खरं बोलतात. त्या वेळच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर उमटायचा आणि लाल जवळजवळ उमटायचाच नाही. त्यामुळे मिडलंड कंपनीचं गडद लाल इंजिन फोटोत काळंकुट्ट दिसतं, आणि कॅलेडोनियनचं निळं इंजिन फिकट पांढुरकं. म्हणजे काळं दिसलं म्हणून काळं रंगवलंत तर ते लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचं होईल, त्यांची इंजिनं मात्र खरोखर काळी होती. रंगीत पोस्टकार्डं मिळतात त्या काळची, पण तीही हाताने रंगवलेली, छापणाऱ्याच्या मनावर. त्यामुळे रंग ठरवताना फोटोवर विसंबू नका, म्युझियममध्ये जी इंजिनं जुन्या रंगात ठेवलीत ती बघा आणि कंपनीने रंगाबद्दल काय नोंदवलंय ते वाचा. फोटो रेघा कुठून कुठे जातात ते बघायला, त्यासाठी मात्र तो सोन्यासारखा.

रंग डब्यातून काढून तसाच मारू नका. छोट्या वस्तूवर तो जास्त गडद दिसतो, थोडा पांढरा मिसळा, काळ्यातसुद्धा. फ्रेमकडे लक्ष द्या, ग्रेट वेस्टर्नच्या हिरव्या इंजिनाच्या खालच्या फ्रेम 1906 च्या सुमारापर्यंत तांबूस होत्या, मग काळ्या झाल्या. आणि आजकाल सगळ्यांना मॉडेल मळवायची हौस आलीय, काजळी काय, गंज काय. एडवर्डच्या काळात पॅसेंजर इंजिन पुसायला माणसांची अख्खी फौज असायची, मजुरी स्वस्त, तेलाचं फडकं घेऊन पोरं पहाटेपासून घासायची. इंजिनावर हात आखडता घ्या. मळवायचंच असेल तर वाघिणी आहेत की, त्यांना कोण पुसतंय.

प्रश्न (कळवा): आमची बिल्डिंग खाडीजवळ आहे. जुलै आला की रूळ काळे पडतात, गाडी धक्के खात चालते, आणि यंदा तर प्लायच फुगला. काय करू?

उत्तर: पावसाळा हा या छंदाचा खरा टीसी आहे, सगळं तपासतो.

रूळ कुठले आहेत ते आधी बघा. जुन्या सेटमधले स्टीलचे असतील तर ते गंजणारच, काढून टाका. निकेल सिल्व्हरचे घ्या, ते काळपट पडतात पण गंजत नाहीत. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर अजिबात नको, बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यातच जाऊन बसते. शिवाय वीज एकाच टोकाला दिलेली असेल तर प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून वायर डागून घ्या, जोडपट्ट्यांवर भरवसा ठेवू नका, खाडीची हवा त्यांनाच आधी खाते.

प्लाय साधा घेतला असणार. बीडब्ल्यूपी ग्रेडचा घ्या, म्हणजे लोक मरीन म्हणतात तो, आणि दोन्ही बाजूंनी व्हार्निश. कापलेल्या कडांना दोन हात जास्त, पाणी तिथूनच शिरतं. वरून एकाच बाजूला रंग दिला की खालची बाजू ओल ओढते आणि बोर्ड पापडासारखा वळतो. रुळांच्या जोडांत नखाच्या जाडीएवढी फट ठेवा. उन्हाने रूळ वाढतो हे सगळे सांगतात, पण आपल्याकडे ओलीने लाकूड जास्त वाढतं, आणि बोर्ड हलला की त्यावर पक्का चिकटवलेला रूळ वाकडा होतो. झाकायला प्लास्टिक नको, आतून घाम येतो, जुनी सुती चादर टाका.

खडीसाठी वाळू कुठली वापरलीत ते लिहिलं नाहीत. खाडीची असेल तर तीच मुळावर आलीय, मीठ असतं तिच्यात. बांधकामावरची रेती आणा, धुवा, वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा, आणि मग कागदावर पसरून खालून वरून लोहचुंबक फिरवा. काळे बारीक कण चुंबकाला चिकटून येतील, ते काढलेच पाहिजेत, नाहीतर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते खेचून घेतं आणि मोटर गेली. इंग्लंडचं यार्ड करत असाल तर खडीच्या जागी राख, त्यांच्या यार्डांत इंजिनाचीच राख पसरलेली असायची.

डोंगराला थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलला 2018 पासून राज्यात बंदी आहे आणि तसाही स्प्रे रंगाने तो विरघळतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणा, मेडिकलमध्ये हाड मोडल्यावर लावतात ते पीओपीचं बँडेज मिळतं, ते भिजवून वर पसरा, तासाभरात सह्याद्री. कागदाचा लगदा वापरलात तर त्यात थोडा टाकणखार घाला, बुरशी धरत नाही. दिवाळीचा किल्ला ज्यांनी केलाय त्यांना बाकी शिकवायला नको, फक्त अळीव पेरू नका.

प्रश्न (पनवेल): आम्ही मूळचे बार्शीचे. इंग्लंडची रेल्वे कशाला करायची, आपली बार्शी लाईट एडवर्डच्या काळात बसते का?

उत्तर: बसते म्हणजे काय, चपखल बसते! आणि मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. बार्शी लाईट रेल्वे 1897 ला सुरू झाली, बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी. एडवर्डच्या काळात ती वाढली, 1906 ला पंढरपूरपर्यंत आणि 1911 ला लातूरपर्यंत. बांधणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आधी जीआयपीतच नोकरीला होता. त्याचा सिद्धांत साधा, अडीच फुटी गेज घ्यायचं आणि इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांच्या वर वजन पडू द्यायचं नाही. सगळ्या आसांवर सारखं वजन, म्हणजे हलक्या रुळांवरून भरपूर माल. हे इतकं जमलं की त्यानेच पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन त्याच अडीच फुटी गेजवर बांधली, 1904 ला सुरू झाली. म्हणजे बार्शीचा धडा इंग्लंडने गिरवला, आणि आपण मॉडेल करायला इंग्लंडकडे बघतो.

गेज बघा किती सोयीचं आहे. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, एचओच्या 1:87 स्केलसाठी 87 ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि बाजारात एन गेजचा रूळ 9 मिलिमीटरचा मिळतो. पाव मिलिमीटरसाठी कोणी भांडत नाही. फक्त एन गेजच्या रुळाच्या स्लीपर फार जवळ जवळ असतात, त्या एकाआड एक कापा नाहीतर सरळ नॅरोगेजचा रूळ घ्या. इंजिनाला खाली एन गेजची जपानी यंत्रणा आणि वर पुठ्ठ्याची नाहीतर स्टायरीनची बॉडी.

विषय पंढरपूरच करा. आषाढीची गर्दी, डब्यांत मावत नाहीत एवढे वारकरी, पताका, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका, मागे चंद्रभागेचं वाळवंट. एवढी माणसं रंगवायला वर्ष जाईल ते जाऊ दे.

माथेरानबद्दलही चौघांनी विचारलंय, इथेच उत्तर देतो. नेरळ माथेरान 1907 ची, ती दोन फुटी, बार्शीपेक्षा अरुंद. तिची पहिली इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेलची, सहा चाकांची, पण पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीसारखा आणि वळणावर थोडा सरकणारा, म्हणून ती तसल्या भयानक वळणांवरून जायची. चढ 1:20 चा. मॉडेलच्या इंजिनाला मात्र एवढा चढ झेपत नाही, चाकं घसरतात, तुम्ही 1:40 ठेवा आणि बोर्डाचा पुढचा काठ तिरका कापा, डोळ्याला चढ दुप्पट वाटतो.

प्रश्न (वागळे इस्टेट): डिस्टंट सिग्नलचा हात पिवळा रंगवला आणि कोणीतरी चूक काढली. पिवळाच असतो ना?

उत्तर: आता असतो. एडवर्डच्या काळात इंग्लंडमध्ये डिस्टंटचा, म्हणजे पुढच्या सिग्नलची आधीच सूचना देणाऱ्या सिग्नलचा, हातही लालच, फक्त टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. पिवळे झाले 1920 च्या दशकात. आणि गाडीला जाऊ देताना हात खाली पडतो, वर जात नाही.

प्रश्न (ठाणे पश्चिम, सौ.): हा प्रश्न माझ्या यजमानांना कळू देऊ नका. यांनी डायनिंग टेबलवर रेल्वे मांडलीय. आम्ही जमिनीवर जेवतो ते एक ठीक, पण रात्री बारापर्यंत घरघर घरघर चालू असतं, सासूबाईंची झोप होत नाही. आवाज कमी करायचा काही उपाय?

उत्तर: वहिनी, उपाय आहे. आवाज इंजिनाचा कमी आणि टेबलाचा जास्त असतो, पोकळ फळी तबल्यासारखी वाजते. रुळांखाली 3 मिलिमीटर जाड कॉर्कची पट्टी घालायला सांगा, स्टेशनरीवाल्याकडे शीट मिळते. पण यजमानांनी खडी फेव्हिकॉलने चिकटवली असेल तर ती सुकून दगड होते आणि रुळाचा आवाज कॉर्कला चुकवून कडेने परत फळीत उतरतो. खडीला लॅटेक्सचा गोंद वापरायचा, तो सुकल्यावरही रबरासारखा मऊ राहतो. टेबलाच्या पायांखाली जाड फेल्ट.

आणि टेबल परत हवं असेल तर वर नौपाडेकरांना दिलेलं उत्तर फाडून शोकेसवर ठेवा. पाच फूट बाय सव्वा फूट, यजमानांना वाटलं पाहिजे की कल्पना त्यांचीच.